न दिसणाऱ्या वाफेचं अनुमान

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे इथे कुणी विसरलेलं नसेल. पण त्या दिवसांतही लातूरच्या आकाशात पाणी अजिबात नव्हतं असं नाही. वाफेच्या रूपात ते कायम असतं. किती आहे आणि कोणत्या उंचीवर आहे, हे कळायचं कसं?

ही युक्ती सापडली एका फसगतीतून. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीची रडार बनवली गेली आणि दमट हवेत त्यांचा पल्ला एकदम घटला. पाण्याची वाफ 22.235 गिगाहर्ट्झच्या आसपास सूक्ष्मतरंग गिळते, आणि रडार नेमकं त्याच्या शेजारी बसलेलं. व्हॅन व्लेक यांनी हा धोका गणिताने आधीच सांगितला होता. मग रॉबर्ट डिकी यांनी रेडिओमीटर बनवून ते शोषण प्रत्यक्ष मोजलं. जे शोषतं ते उत्सर्जितही करतं. त्यामुळे हे यंत्र स्वतः काही पाठवत नाही, नुसतं ऐकतं. पुढे असे रेडिओमीटर विमानांतून उडाले, 1972 साली निंबस-5 उपग्रहावर गेले आणि 7 जून 1979 ला आपल्या भास्करवर. त्या उपकरणाचं नाव ‘समीर’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं, पण आपल्या कानाला थेट वाराच!

आता खरी अडचण बघा. सूक्ष्मतरंगांत समुद्र थंड दिसतो, म्हणून त्याच्यावरची वाफ उठून दिसते. जमीन मात्र स्वतःच ऊबदार दिसते. वाफ असो वा नसो, यंत्राला ऊब मिळणारच. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. साध्य नसलं तरी हेतू हजर! म्हणजे ‘समीर’ला अरबी समुद्रावरची वाफ कळायची, नांदेड-लातूरवरची नाही. तहानलेला मुलूखच नेमका आंधळ्या कोपऱ्यात.

तोडगा निघाला 183.31 गिगाहर्ट्झला. तिथे वाफ इतकं शोषते की खालची जमीन बहुतेक झाकूनच जाते. त्या रेषेच्या जवळ-दूर ऐकलं की वेगवेगळ्या उंचीवरचा दमटपणा कळतो. अमेरिकेत नव्वदच्या दशकात असं यंत्र उंच उडणाऱ्या ईआर-2 विमानातून नेलं गेलं. ऑक्टोबर 2011 मध्ये भारत-फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्सवर ‘सफीर’ गेलं, सहा वाहिन्यांचं. मराठवाडा त्याच्या टप्प्यात आला.

पण वाफ म्हणजे ढग नव्हे, आणि ढग म्हणजे पाऊस नव्हे. 2015 मध्ये औरंगाबादेहून कृत्रिम पावसाची विमानं उडाली. अशी विमानं ढगात बीज पेरतात, ढग तयार करत नाहीत. पेरलेलं किती उगवतं, हे तपासायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरहून विमानं थेट ढगांत घातली. घाटाच्या पलीकडची, पर्जन्यछायेची जागा मुद्दाम निवडलेली.