खरकट्या भांड्यापासून गल्ल्यापर्यंत : हॉटेलच्या धंद्यात माणसं टिकली कशी?

(साकोली येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

समोर बसलेले ज्येष्ठ, आयाबहिणी, आणि तिकडे मागे भिंतीला टेकून उभे असलेले तरुण मित्र. खुर्च्या आहेत, पुढे या. आजचा विषय तुमच्यासाठीच ठेवलाय.

विषय असा, की हॉटेलच्या धंद्यात आयुष्यभर पुरेल असं करिअर होतं का? मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. 'या कोर्सला जा, एवढा पगार मिळेल' असं सांगणारे दुसरे लोक आहेत. मी एवढंच बघणार, की गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या धंद्यात कोण शिरलं, कोण टिकलं आणि कशाच्या बळावर टिकलं.

आपल्याकडे एखाद्या आईला विचारा, पोरगा काय करतो? बँकेत असला तर ती चार घरांना ऐकू जाईल असं सांगते. हॉटेलात असला तर आवाज खाली येतो. 'हाटेलात हाये.' बस्स. हा आवाज खाली का येतो, तिथूनच सुरुवात करू.

शिजवलेलं अन्न आणि त्याला शिवणारा हात

आपल्या समाजात अन्न वाढणं हे पुण्य होतं. अन्न विकणं मात्र हलकं मानलं जायचं. प्रवासी माणूस धर्मशाळेत उतरायचा, तीन दगडांची चूल मांडायची, स्वतःचं शिजवून खायचं. नाहीतर नातेवाईक, जातवाले, एखादं अन्नछत्र. कुणी शिजवलं, कुणी शिवलं, याला महत्त्व होतं. म्हणून अनोळखी माणसाने शिजवलेलं अनोळखी माणसाने पैसे देऊन खाणं ही साधी गोष्ट नव्हती.

ती साधी झाली शहरात. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, पुढच्या काही वर्षांत मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे आले, बायकापोरं गावी ठेवून. त्यांना दोन वेळचं जेवण कुणीतरी द्यायला हवं होतं, आणि त्यातून खानावळ आली. पण जात लगेच गेली नाही. खानावळीसुद्धा अमक्यांची, तमक्यांची अशाच होत्या. कितीतरी ठिकाणी कपबशी वेगळी ठेवलेली असायची.

इथे कोल्हापूरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना म्हणाले, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ, भांडवलही दिलं. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे थांबून चहा मागवू लागले. राजाने घेतला म्हटल्यावर बरोबरच्यांना नाही म्हणता येईना.

ही गोष्ट आपण समाजसुधारणेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण धंद्याच्या बाजूनेही बघा. स्वच्छता होती, चव होती, मेहनत होती, तरी गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे एकट्याच्या गुणांवर धंदा चालतो हे अर्धंच खरं. दार सगळ्यांना उघडं असलं पाहिजे, आत येणाऱ्याला आणि आत काम करणाऱ्यालाही. १९५० च्या राज्यघटनेत पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, तो उगाच नाही. आणि त्या घटनेच्या शिल्पकाराने १९५४ ची पोटनिवडणूक आपल्या भंडाऱ्यातून लढवली होती, हे साकोलीत मी वेगळं सांगायला नको.

पहिली शिडी : गावाची

आता टिकलेल्या माणसांकडे येऊ. मला या इतिहासात तीन शिड्या दिसतात. पहिली गावाची.

मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या लोकांचे 'कूड' होते, काही अजूनही आहेत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेलं उतरण्याचं ठिकाण. एक पेटी ठेवायची, रात्री अंथरूण पसरायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, महिन्याला थोडी वर्गणी. गोव्यातून आलेला पोरगा बोटीवर खलाशी, बंगल्यात आचारी, हॉटेलात वेटर अशी नोकरी मिळेपर्यंत तिथे राहायचा. कुठे जागा आहे, कुठला साहेब पगार बुडवतो, ही माहिती त्याला त्या पेट्यांमध्ये बसूनच मिळायची. १९०३ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. अशा मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात वरच्या जागी बराच काळ युरोपियन माणूस असायचा. त्याच ताजमध्ये पुढे मिगेल आर्कांजो मास्करेन्हस नावाचे गोंयकार खालच्या कामापासून चढत मुख्य शेफ झाले. 'शेफ मास्सी' म्हणून त्यांचं नाव आजही घेतात. त्यांचं कौशल्य मोठं होतंच, पण गोव्याच्या कितीतरी पोरांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं ते गावाने.

उडुपीवाल्यांचं तसंच. दक्षिण कर्नाटकातला पोरगा मुंबईत यायचा तो कुणाच्या तरी ओळखीने. आधी खरकटी भांडी, मग टेबल पुसणं, मग वाढणं, मग भटारखाना, मग गल्ला. दिवसा काम आणि रात्री रात्रशाळा. ए. रामा नायक असेच लहान वयात स्वयंपाकघरात कामाला लागले आणि १९४२ मध्ये माटुंग्याला त्यांनी 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' काढलं. ते आजही चालू आहे. पुढच्या पिढीतले जयराम बाणन. तेराव्या वर्षी घर सोडलं, पनवेलजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये महिना १८ रुपयांवर भांडी घासली, तिथेच चढत चढत मॅनेजर झाले, आणि १९८६ मध्ये दिल्लीत 'सागर' काढलं. पुढे त्याचं 'सागर रत्न' झालं.

या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, टाळ्याही पडतात. पण इतिहासाच्या माणसाने टाळ्या थांबल्यावर एक प्रश्न विचारायचा असतो : त्याच वेळी भांडी घासणाऱ्या बाकीच्या पोरांचं काय झालं? त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत काम, झोपायला टेबलं, पगार मालकाच्या मनावर. मुंबई इलाख्यात दुकानं आणि हॉटेलांच्या कामाच्या तासांचा कायदा यायला १९३९ साल उजाडलं. ढाब्यावर, हॉटेलात लहान मुलांना कामाला ठेवायला देशभर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे 'पोऱ्या' हा शब्द या धंद्याने शंभर वर्षं वापरला. बाणन यांच्यासारख्यांचं कौतुक करा, जरूर करा. पण तो रस्ता आपल्या पोरांसाठी आदर्श म्हणून ठेवू नका. तेराव्या वर्षी शाळेतच असलं पाहिजे.

दुसरी शिडी : संघटनेची

दुसरी शिडी बायकांनी बांधली. गिरणगावातल्या खानावळी बहुतेक बायका चालवायच्या. दहा बाय बाराची खोली, स्टोव्ह किंवा चूल, आणि दहा-पंधरा खानावळे. महिनाभर जेवायचं, पगार झाला की पैसे. तोवर वाण्याकडे उधारी, उधारी थकली की सावकार, सावकार थकला की मंगळसूत्र गहाण. बाई पहाटे चारला उठते, पन्नास-साठ भाकऱ्या थापते, आणि महिन्याच्या शेवटी नफा व्याजात जातो.

गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यांनी पहिली गोष्ट काय केली? राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन सांगितलं, या बाईला कर्ज द्या, हिची जामीनदार शेजारची बाई, आणि शेजारचीची ही. एकटीला कुणी दारात उभं केलं नसतं. गटाला कर्ज मिळालं आणि सावकार सुटला. तुमच्याकडे बचत गट घरोघरी आहेत. त्याची ही एक आजी म्हणा.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर. खानावळ्यांच्या खिशात पैसा नाही, कित्येक गावी परत गेले. ज्या गिऱ्हाइकावर संसार उभा होता तेच गेलं. जी बाई एकटी होती ती कोसळली. ज्यांच्यामागे संस्था होती, त्यांना दुसरं गिऱ्हाईक शोधता आलं : डबे, कँटीन, समारंभाची जेवणं. हात तेच, पोळी तीच, खाणारा बदलला.

हे मी साकोलीत मुद्दाम सांगतोय. आपलं गाव रस्त्याचं गाव. रेल्वे आहे ती सौंदडला. मुंबई-कोलकाता महामार्ग गावातून जायचा, ट्रक थांबायचे, एसटी थांबायची. आलूबोंडा, तर्री-पोहे, चहा यावर किती घरं चालली हे तुम्ही मला सांगा. आता डोक्यावरून उड्डाणपूल गेलाय. रायपूरची गाडी वरच्या वर निघून जाते. गिरणगावाचं जे १९८२ ला झालं, ते लहान प्रमाणात रस्त्यावरच्या प्रत्येक गावाचं होतं. तेव्हा प्रश्न असा, की खालच्या टपरीवरच्या माणसाचं कसब गिऱ्हाइकाबरोबर जाणार, की नवं गिऱ्हाईक शोधणार?

तिसरी शिडी : शाळेची

१९५४ मध्ये मुंबईत देशातली पहिली केटरिंग शिकवणारी संस्था सुरू झाली. लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने, महिलांच्या अन्न परिषदेमार्फत. सगळे तिला 'दादर केटरिंग' म्हणतात. तोवर आचारी बापाकडून किंवा उस्तादाकडून शिकायचा, आणि उस्ताद मसाल्याचं प्रमाण शेवटपर्यंत मुठीत ठेवायचा. शाळेने ते प्रमाण फळ्यावर लिहिलं. १९८२ मध्ये अशा संस्थांसाठी राष्ट्रीय परिषद आली. आज बारावीनंतर तिची प्रवेश परीक्षा देता येते. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'फूड प्रॉडक्शन'चा वर्षभराचा ट्रेड आहे.

शाळेने आणखी एक गोष्ट केली. धंद्याचे भाग पाडून दाखवले : स्वयंपाकघर, वाढप, खोल्यांची निगा, आणि स्वागतकक्ष. स्वयंपाकघरातही कमी, त्याच्यावर शेफ द पार्टी, सू शेफ, मुख्य शेफ अशी पायरी ठरली. ती मूळ फ्रेंच एस्कॉफिए यांची पद्धत. ते स्वतः तेराव्या वर्षी काकांच्या हॉटेलात कामाला लागले होते. पायरी ठरलेली असली की माणसाला विचारता येतं : मी दोन वर्षं इथे आहे, पुढची पायरी कधी? 'पोऱ्या'ला हे विचारता येत नव्हतं.

विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. १९९७ मध्ये मुंबईच्या विमानतळाजवळ 'ऑर्किड' उभं केलं, तो त्यातला झगमगाटाचा भाग. मला महत्त्वाचं वाटतं ते आधीचं : वडिलांचं चर्चगेटचं 'सत्कार', म्हणजे घरातच शाळा. ज्याच्या घरी ती शाळा नाही, त्याला बाहेरची शाळा लागते.

मग साकोलीने काय करायचं?

तिन्ही शिड्या एकत्र बघितल्या की एक गोष्ट दिसते. माणूस टिकतो तेव्हा त्याच्यामागे कुणीतरी असतं : गाव, गट किंवा शाळा. जिद्द सगळ्यांकडे होती. शिडी थोड्यांकडे होती.

साकोलीची, लाखनीची, अर्जुनीची पोरं आज नागपूर, पुणे, गोवा, हैदराबादच्या हॉटेलांत आहेत. त्यांचा कूड कुठे आहे? इमारत नको. एक वही पुरे. कोण कुठल्या शहरात, कुठल्या विभागात, किती वर्षं. नवा पोरगा निघाला की दोन फोन नंबर त्याच्या हातात. आणि जाणाऱ्याने विचारायचे प्रश्न त्याच वहीच्या पहिल्या पानावर : नेमणुकीचं पत्र देता का, भविष्य निर्वाह निधी कापता का, सुट्टी किती, अनुभवाचा दाखला मिळेल का? हे विचारायला लाजू नका. दाखला नसेल तर दहा वर्षं काम करूनही कागदावर तुम्ही कालच आलेले असता.

आणि जे इथेच राहणार, त्यांच्यासाठी. पुलावरून जाणारा खाली उतरणार नाही, पण जंगलात येणारा उतरेल. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ चा. पिटेझरीच्या फाटकावर पहाटे येणाऱ्या माणसाला पंजाबी भाजी नागपुरातही मिळते. आपला चिन्नोर तांदूळ, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपल्या तलावातली मासळी त्याला कोण वाढणार? जिल्ह्यातले बचत गट मंडईत, शंकरपटात हजारांना जेवू घालतात. त्यांना हिशोबाची वही, अन्न परवाना आणि दोन स्वच्छ खोल्या जोडून द्या. अन्नपूर्णाच्या बायकांकडे याहून कमी होतं.

शेवटचं, आयाबहिणींना. तुमचा पोरगा किंवा पोरगी हॉटेलात असेल, तर आवाज खाली आणू नका. कुठल्या विभागात आहे, कुठल्या पायरीवर आहे, ते सांगा. आणि सांगता येत नसेल, तर आज रात्री फोन करून विचारा. ज्याला आपली पायरी माहीत आहे, तोच वरची मागतो.

प्रश्न असतील तर घेऊ. आधी मागे उभ्या असलेल्यांकडे माईक द्या.