लिलावात गेलेल्या टेप आणि एक मैफल

८ मे १९७७. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडची मैफल झाली. दरवेळी नव्याने रंगणारे उत्स्फूर्त वादन ही या बँडची ओळख. त्यामुळे प्रत्येक मैफलीचे ध्वनिमुद्रण स्वतंत्र दस्तऐवज ठरे. कॉर्नेलचे मुद्रण बेटी कँटर-जॅक्सन यांनी केले. पुढे गोदामाचे भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्यांच्या शेकडो टेप लिलावात गेल्या.

तरीही ही मैफल हरवली नाही. बँडने श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा दिली होती. १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाही राखली. संकेत एकच : टेप वाटावी, विकू नये. याच देवघेवीतून कॉर्नेल कॅसेटवरून कॅसेटवर उतरत गेली. काँग्रेस ग्रंथालयाने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत तिचा समावेश केला. अधिकृत प्रकाशन मात्र २०१७ मध्ये, ४० वर्षांनी झाले. तोवर तिचे जतन श्रोत्यांनीच केले होते.