अठ्ठावीसवर थांबलेला काटा

गेल्या उन्हाळ्यात घरी एसी बसवायला आलेल्या कारागिराने नळ्यांतली हवा उपसायला पंप जोडला, बटण दाबलं आणि चहा घेत बसला. गेजचा काटा शून्याखाली सरकत सरकत २८च्या जरा पुढे गेला आणि तिथेच थांबला. तबकडीवर आकडे ३०पर्यंत होते. मी म्हटलं, ‘‘दोन कमी पडतायत की!’’ तो म्हणाला, ‘‘मालेगावात एवढंच येतं साहेब. मुंबईला तीसच्या जवळ जातो.’’

मला ती पळवाट वाटली. संध्याकाळी हिशेब केला तर माणूस बरोबर निघाला.

तो ३०चा आकडा पावणेचारशे वर्षांचा आहे. १६४४ साली इटलीच्या टॉरिचेलीने लिहून ठेवलं की पाऱ्याने भरलेली नळी उलटी धरली तर पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर, म्हणजे ३० इंचांना जरा कमी, थांबतो. वर उरते ती पोकळी. १६४८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा मेहुणा हीच नळी घेऊन फ्रान्सातल्या पुई-द-डोम डोंगरावर चढला. माथ्यावर पारा आठेक सेंटिमीटर खाली आला, कारण वर हवेचं ओझं कमी. मालेगाव समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरच्या वर आहे. इथली हवा पाऱ्याचे साडेअठ्ठावीस इंचही पेलत नाही, तर पंप तरी तीस इंच कुठून काढणार?

या भानगडीत मी पडलो त्याचं कारण फ्यूजर. सूर्यात चालतं ते अणुकेंद्रांचं संमीलन घरच्या कार्यशाळेत घडवणारे हौशी लोक जगात आहेत, त्यातली काही तर शाळकरी पोरं. त्यांचं भांडं म्हणजे पोलादाचे दोन अर्धगोल जोडलेला, आतली हवा उपसलेला गोळा. उपसण्याची सुरुवात बहुधा एसीवाल्याच्याच पंपाने होते. ऐकायला अणुविज्ञान, पण या भांड्याची वंशावळ अणूकडे जातच नाही. ती जाते जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराच्या महापौराकडे.

ओटो फोन गेरिके त्याचं नाव. त्याने आधी दारूचं लाकडी पिंप पाण्याने भरलं, फटी बुजवल्या आणि आग विझवण्याच्या पिचकारीसारख्या पंपाने पाणी ओढायला लावलं. दांडा ओढायला तीन धट्टेकट्टे गडी. पाणी गेलं, पण पाणी उकळावं तसा आवाज येत राहिला: लाकडाच्या छिद्रांतून हवा आत शिरत होती. मग तांब्याचा गोळा केला. तो मोठा आवाज होऊन चेपला; हातात कापड चुरगळावं तसा, असं वर्णन त्यानेच केलंय. दोष गोलाईचा होता. तांबटाने गोळा नीट घडवला आणि तो टिकला. १६५७ साली, म्हणजे पुरंदरावर संभाजीराजे जन्मले त्या वर्षी, त्याने अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचे दोन अर्धगोल नुसते एकमेकांना टेकवले, मध्ये मेण-टर्पेंटाइन पाजलेली चामड्याची चकती ठेवली, हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. हवेची पकड दीड-दोन टनांची. घोड्यांना घाम फुटला.

आजचा फ्यूजरवाला नेमकं हेच करतो. चामड्याच्या जागी रबराची किंवा तांब्याची चकती, एवढाच फरक. त्याचा बराचसा वेळ फ्यूजनमध्ये जात नाही, गळती शोधण्यात जातो. सांध्यावर अल्कोहोलचा बोळा फिरवायचा आणि गेज कुठे दचकतं ते बघायचं.

मधली पिढी दिव्यांची. १८७९चा एडिसनचा बल्ब स्प्रेंगेलच्या पारा-पंपावर रिकामा झाला. पुढे जर्मनीत गेडेने १९०५ साली फिरता पंप आणि १९१५ साली डिफ्यूजन पंप दिला. या दुसऱ्यात हलणारा भागच नाही. वाफेचा झोत हवेच्या रेणूंना खाली रेटतो. एसीवाल्याचा पंप जिथे थकतो तिथून पुढे हा.

मग फिलो फार्न्सवर्थ. १९२७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने इलेक्ट्रॉनिक टीव्हीवर पहिलं चित्र दाखवलं. निर्वात नळ्यांशी आयुष्यभर खेळलेल्या या माणसानेच १९६०च्या दशकात फ्यूजर काढला: गोळ्याच्या मधोमध तारेची जाळी, तिला हजारो व्होल्टचा ऋण दाब, आत किंचित ड्युटेरियम. अणुकेंद्रं जाळीकडे धावतात, काही एकमेकांवर आपटून जुळतात, न्यूट्रॉन सुटतो. भंगारवाला जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब मानेपाशी फोडतो तेव्हा सूंऽऽ करून हवा आत जाते ना, ती ट्यूब फ्यूजरची सख्खी चुलत बहीण.

ड्युटेरियमही परकं नाही. गिरणा नदीच्या पाण्यातल्या दर ६,४०० हायड्रोजन अणूंमागे साधारण एक त्याचा असतो, आणि ड्युटेरियमचं जड पाणी बनवणारा कारखाना अलिबागजवळ थळला आहे. आसामात सोनापूरच्या प्लाझ्मा केंद्रात या जातीचं यंत्र संशोधनासाठी आहे. फ्रान्समधल्या ‘इटर’ अणुभट्टीचं ३,८५० टनांचं बाहेरचं निर्वात भांडं (क्रायोस्टॅट) ‘लार्सन अँड टुब्रो’ने हजिऱ्याला घडवलं, तेही तुकड्यांत.

विजेचं म्हणाल तर विसरा. सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन निघाले, तरी मिळणारी ऊर्जा वॅटच्या दहा लाखाव्या भागाएवढी. यंत्र खातं शेकडो वॅट. वर उच्च दाबाची वीज जागच्या जागी मारते आणि बघायच्या काचेतून क्ष-किरण येतात. आपल्याकडे न्यूट्रॉन काढणारं यंत्र चालवायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना हवा. उत्साही पोरांच्या आईबापांनी हे आधी वाचावं.

माझा एसी त्या अठ्ठावीसच्या व्हॅक्यूमवर दुसरा उन्हाळा काढतोय.