पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत

हिंगोली जिल्हा वयाने लहान आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन तो महाराष्ट्राच्या नकाशावर आला. मात्र ज्या नद्यांनी त्याला आकार दिला त्या फार जुन्या आहेत. उत्तरेच्या सीमेवरून पैनगंगा वाहते, मधून कयाधू जाते आणि दक्षिणेला पूर्णा गोदावरीच्या ओढीने धावते. कयाधूच्या काठी नर्सी हे संत नामदेवांचे गाव आहे, तर औंढा येथे नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे. पाऊसही येथे अगदीच कंजूष नाही. अहिल्यानगर वा सोलापूरच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत जेवढा पडतो त्याहून तो पुष्कळ अधिक. असे असूनही उन्हाळा आला की येथील अनेक वस्त्यांवर घागरींची रांग लागते. पाऊस, नदी आणि धरण ही तिन्ही असताना ही रांग का लागावी, हा प्रश्न अभियांत्रिकीपेक्षा इतिहासाला विचारावा लागतो. पाण्याविषयीचे निर्णय कोणी घेतले आणि ते घेताना कोणाला विचारले, याचा तो इतिहास आहे.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची तलावांची थोर परंपरा मुख्यतः तेलंगणात फुलली. मराठवाड्याच्या वाट्याला आली ती विहीर, बारव आणि बैलांची मोट. गावविहिरीचा गाळ काढणे, नाल्याला बांध घालणे ही कामे गावकरी मिळून करीत. त्या काळाविषयी आपण हळवे होऊन बोलतो आणि गाव पूर्वी आपले पाणी आपणच सांभाळीत असे म्हणतो. ते खरे आहे. पण त्या ‘गावा’त सारे गाव नव्हते. विहिरीला ज्यांचा स्पर्श चालत नसे, ते कोणीतरी पाणी वरून ओतील याची वाट पाहत उभे असत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी याच व्यवस्थेला हात घातला होता. म्हणून लोकसहभाग हा शब्द उच्चारताना ‘लोक’ म्हणजे कोण, हे आधी विचारले पाहिजे.

हैदराबाद मुक्त झाले आणि राज्यपुनर्रचना झाली, त्यानंतर पूर्णेवर मोठे काम उभे राहिले. १९५८ ते १९६८ या दशकात येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे बांधली गेली. येलदरी आज परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात आहे, तर त्याखालचे सिद्धेश्वर हिंगोलीच्या औंढा तालुक्यात. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर आहे आणि सिद्धेश्वरचा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. वरच्या धरणात पाणी साठवायचे, तेथे वीज निर्माण करायची, तेच पाणी खालच्या धरणात घ्यायचे आणि तेथून कालव्याने वसमतकडे व पुढे परभणी-नांदेडच्या शिवारांत न्यायचे, अशी ही योजना होती. पुढे पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले. ज्यांच्या बापजाद्यांनी मोटेवर आयुष्य काढले त्यांच्या शेतात उसाचे आणि केळीचे मळे उभे राहिले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु कालव्याबरोबर एक नवे नातेही आले. विहिरीचा धनी असलेला शेतकरी कालव्यावर अर्जदार झाला. त्याने हंगामाआधी पाण्याची मागणी नोंदवायची, कार्यालयाने ती मंजूर करायची, आवर्तन केव्हा सुटेल ते अधिकाऱ्यांनी ठरवायचे आणि पाणीपट्टी क्षेत्रावर आकारायची. किती पाणी घेतले, याचे मोजमाप नाही. पाणी मोजायचेच नसेल तर ते वाचवावे असे कोणाला वाटेल? पाटाच्या माथ्यावरच्या शेतात पाणी प्रथम पोहोचते. तेथे बारमाही पिके उभी राहिली, दारे रात्री उघडी राहू लागली आणि चाऱ्यांची दुरुस्ती करायची कोणी, हा वाद निर्माण झाला. परिणामी नकाशावर ज्याचे शेत लाभक्षेत्रात आहे, अशा शेवटच्या शेतकऱ्याकडे कोरडी चारी तेवढी पोहोचली. गावोगावचे शेतकरी त्याला ‘टेल’चा शेतकरी म्हणतात. ही कहाणी एका पूर्णेची नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक कालव्यांची आहे. कायदेही याच घडणीचे होते. १९७६ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र पाटबंधारे कायदा झाला, तरी त्याचे नियम वर्षानुवर्षे तयारच झाले नाहीत आणि इंग्रजी अमदानीतल्या १९३४ च्या कालवे नियमांवर कारभार चालत राहिला.

याहून वेगळे काही असू शकते का? असू शकते, याचा पुरावा खानदेशात आणि नाशिकच्या बागलाणात आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर किमान तीनशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीत लहान बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि त्याखालच्या सलग जमिनीचे तीन किंवा चार ‘फड’ पाडायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. यंदा एका फडात ऊस, तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा; पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे लाभ आणि तोटा दोन्ही वाटले जात. पाणी देण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती नसे; सर्वांनी नेमलेला पाटकरी ते करी आणि त्याचा मोबदला गाव देई. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाने कोरडे राहायचे, हे पंच आधीच ठरवीत.

या पद्धतीतले मर्म ‘आधी’ या शब्दात आहे. पाणी पाटात आल्यावर भांडून वाटणी होत नाही. तेव्हा ज्याचे शेत वर त्याचाच विजय होतो. वाटणी व्हायची तर ती पेरणीपूर्वी, पीक ठरवतानाच झाली पाहिजे. पिकाचा निर्णय हाच पाण्याचा निर्णय असतो, हे या अल्पशिक्षित पंचांना नेमके कळले होते.

हेच सूत्र नव्या काळात विलासराव साळुंखे यांनी मांडले. पेशाने ते अभियंता आणि उद्योजक होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावी गेले आणि देवस्थानाच्या १६ हेक्टर माळरानावर त्यांनी प्रयोग आरंभिला. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ जन्मली. तिचे नियम धाडसी होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. उसासारखे पीक घ्यायचे नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी आधी उभा करायचा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भूमिहीनालाही पाण्यात वाटा. मघाशी विचारलेल्या ‘लोक म्हणजे कोण’ या प्रश्नाला इतके सरळ उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

आपल्या वाचकांना याच संदर्भात फादर हर्मन बाखर यांचे नाव आठवेल. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत उभी हयात वेचली. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना त्यांची आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली तीही त्यांच्याच प्रेरणेने. या कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळायची, ग्रामसभेत पाणलोट समिती निवडायची, मग निधी यायचा. मदत करणाऱ्याने स्वतः मागे उभे राहायचे, हा या रचनेतला विवेक होता. चराईबंदीचा पहिला भार मेंढपाळ आणि गरीब स्त्री यांच्यावर पडतो, ही अडचणही अशा गावांतूनच पुढे आली आणि तिची उत्तरे गावांना शोधावी लागली.

मोठ्या सरकारी धरणावर हे जमेल का, ही शंका उरते. तिचे उत्तर नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाने दिले. तेथे आरंभ झाला तो पाटाच्या टोकाला, ओझर येथे. पाणी पोहोचतच नव्हते म्हणून बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांनी तीन पाणी वापर संस्था स्थापन केल्या. त्यांनी मोजून पाणी मागितले आणि ते मोजून वाटले. हळूहळू वरच्या गावांनीही संस्था काढल्या, त्यांची संख्या २४ वर गेली आणि सबंध लाभक्षेत्राचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा कायदा केला. संस्थेच्या संचालक मंडळावर पाटाचा माथा, मध्य आणि शेवट या तिन्ही भागांना समान स्थान असावे, असे तो सांगतो. टेलच्या शेतकऱ्याने जे अनुभवाने शिकवले, ते कायद्याच्या कलमात आले.

हा कायदा हिंगोलीलाही लागू आहे. मात्र येथे पाण्याचा विचार आजवर बहुधा लढ्याच्या भाषेत झाला. येलदरीच्या वर, बुलढाणा जिल्ह्यात, खडकपूर्णा धरण झाले; ते भरल्याशिवाय येलदरीकडे पुरेसे पाणी येत नाही अशी खालच्यांची तक्रार असते. कयाधूचे पाणी खरबी येथे अडवून इसापूरच्या जलाशयाकडे वळवण्याची योजना पुढे आली, तेव्हा हिंगोलीकर विरोधात उभे राहिले. अशा प्रसंगी लोक एकत्र येतात, ही मोठीच शक्ती आहे. परंतु वरच्या जिल्ह्याकडे जो न्याय आपण मागतो, तोच आपल्या चारीवरच्या खालच्या शेताला देतो का? खडकपूर्णेच्या त्या जलाशयाला ‘संत चोखासागर’ हे नाव आहे. चोखोबांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणाराजा त्याच तालुक्यात आहे. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून आणणारे नामदेव हिंगोलीच्या नर्सीचे. वरच्या आणि खालच्या गावांनी या नात्याचा विचार करावा.

आज जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक हळद आहे. वसमतची हळद दूरवर नावाजली आहे. आठ-नऊ महिने शेतात उभे राहणारे हे पीक पाणी मागते आणि ते पुष्कळ ठिकाणी विहीर-बोअरमधून येते. जमिनीखालच्या पाण्याला तर माथा आणि शेवटही दिसत नाही. खोल बोअर घेणारा वरचा ठरतो आणि शेजारची उथळ विहीर खालची. २०१८ पासून राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोलीची गावेही होती आणि त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची सोय होती. ताळेबंद मांडणे सोपे. त्यावरून यंदा कोणी किती हळद आणि किती ऊस लावायचा हे ग्रामसभेत ठरवणे अवघड. तेथे भाऊबंदकी आड येते, जात आड येते, सोसायटीचे राजकारण आड येते. फडाच्या पंचांपुढेही हे सारे होते. तरीही ते दर वर्षी पेरणीआधी बसत आणि यंदा कोणता फड कोरडा राहील ते सांगत. पुढच्या वर्षी ती पाळी दुसऱ्याची असे.