चार नगरांचा प्रतिनिधी: ब्लेझ द्यान्य
ब्लेझ द्यान्य यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८७२ रोजी सेनेगलच्या किनाऱ्यालगतच्या गोरे बेटावर झाला. वडील सेरेर जमातीचे, स्वयंपाकी; आई मांजाक जमातीची. क्रेस्पँ या मिश्रवंशीय घराण्याने मुलाला आपल्याकडे ठेवून शिकवले. पुढे ते फ्रेंच जकात खात्यात लागले. दाहोमे, काँगो, रेयुनियों, मादागास्कर, फ्रेंच गियाना अशा बदल्यांत वीसेक वर्षे गेली. वरिष्ठांशी त्यांचे वारंवार खटके उडत.

सँ-लुई, गोरे, रुफिस्क आणि डाकार या चार नगरांतल्या मूळ रहिवाशांना एकोणिसाव्या शतकात मताधिकार मिळाला होता, आणि पॅरिसच्या संसदेत सेनेगलची एक जागा होती. तिच्यावर तोवर गोरे किंवा मिश्रवंशीय उमेदवारच बसत आले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तर मूळ हक्कच डळमळू लागला. हे रहिवासी बहुतांशी मुसलमान. लग्न आणि वारसा इस्लामी कायद्याने चाले. मग त्यांना पूर्ण फ्रेंच नागरिक कसे म्हणायचे, असे सरकारी अधिकारी विचारू लागले. त्यातच डाकार वाढत होते आणि तिथल्या लेबू लोकांच्या जमिनी हातच्या जात होत्या. या दोन्ही दुखण्यांना द्यान्य यांनी वाचा फोडली. १० मे १९१४ रोजी ते दुसऱ्या फेरीत निवडून आले. फ्रेंच संसदेत निवडून गेलेले ते पहिले काळे आफ्रिकी.

तीनच महिन्यांत महायुद्ध पेटले आणि द्यान्य यांनी संधी ओळखली. चार नगरांतल्या तरुणांना वसाहतीच्या ‘तिरायर’ पलटणींत नव्हे, तर फ्रेंच सैनिकांच्याच पगारावर आणि निवृत्तिवेतनावर भरती करावे, असा आग्रह त्यांनी धरला. १९ ऑक्टोबर १९१५ च्या कायद्याने या रहिवाशांवर लष्करी सेवेचे बंधन आले. २९ सप्टेंबर १९१६ चा दुसरा कायदा अवघ्या एका वाक्याचा आहे: चार नगरांचे मूळ रहिवासी आणि त्यांचे वंशज हे फ्रेंच नागरिक आहेत व राहतील, आणि आधीच्या कायद्यातली सैनिकी कर्तव्ये त्यांना लागू असतील. धर्माचा कायदा सोडण्याची अट त्यात नाही. द्यान्य यांच्या साऱ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी कमाई होय. मात्र नगरांबाहेरची लाखो माणसे प्रजाजनच राहिली.

सौद्याची दुसरी बाजू जड होती. एप्रिल १९१७ मध्ये शमँ-दे-दामच्या लढाईत काळ्या पलटणी कापल्या गेल्या, तेव्हा संसदेच्या गुप्त बैठकीत सेनापतींवर तुटून पडले ते द्यान्यच. तरीही १९१८ च्या आरंभी पंतप्रधान क्लेमांसो यांनी सोपवलेली भरतीची कामगिरी त्यांनी पत्करली. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेचे गव्हर्नर-जनरल व्हॅन व्होलेनहोव्हेन यांनी विरोधात राजीनामा दिला, आघाडीवर गेले आणि त्याच जुलैत मारले गेले. द्यान्य यांच्या दौऱ्यात फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतून ६० हजारांहून अधिक जवान भरती झाले. सैनिकांना सवलतींची आश्वासने मिळाली होती. त्यांतली बरीच पुरी झाली नाहीत.

फेब्रुवारी १९१९ मध्ये पॅरिसच्या अखिल आफ्रिकी परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले; अमेरिकी कृष्णवर्णीय नेते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस हे तिचे सूत्रधार. पुढे मात्र सूर मवाळ झाला. १९२३ मध्ये त्यांनी सेनेगलमध्ये वर्चस्व असलेल्या बोर्दोच्या व्यापारी पेढ्यांशी जुळवून घेतले. १९३० मध्ये जिनिव्हात सक्तीच्या मजुरीच्या प्रश्नावर त्यांनी फ्रान्सची बाजू मांडली, आणि जुन्या समर्थकांना ते फार लागले. १९३१ मध्ये लाव्हाल यांच्या मंत्रिमंडळात ते वसाहत खात्याचे उपमंत्री झाले.

डाकारचे महापौरपद आणि खासदारकी अखेरपर्यंत त्यांच्याकडेच होती. ११ मे १९३४ रोजी फ्रान्समधील कांबो-ले-बँ येथे त्यांचे निधन झाले. रिकाम्या जागेवर गालांदू द्यूफ निवडून आले. १९१४ च्या निवडणुकीतले ते द्यान्य यांचे सहकारी, आणि नंतरचे कट्टर प्रतिस्पर्धी.