घरच्या बिअरचे विरजण

१५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी बिअरसंबंधी एक फर्मान काढले. जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुले आणि पाणी, या तीन जिनसांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये, असा त्याचा आशय होता. जिच्यावाचून बिअर होतच नाही, ती चौथी वस्तू म्हणजे यीस्ट. तिचा मात्र त्या फर्मानात उल्लेखही नव्हता. मागल्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेला उपयोगी पडतो, हा अनुभव जुना होता. तो गाळ सजीव आहे, हे ज्ञान पुष्कळ नंतरचे.

युरोपात शतकानुशतके बिअर घरोघरी होत असे. जव चांगले, पाणी गोड आणि भांडी स्वच्छ असली म्हणजे ती चांगली होई. तथापि जिन्नस तेच असूनही एखाद्याच घरच्या बिअरची कीर्ती पंचक्रोशीत पसरे. याचे एक मोठे कारण त्या घरच्या विरजणात असे.

उपऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे बिअर बिघडते, हे लुई पाश्चरने १८७६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढविले. कार्ल्सबर्गने ही विद्या दडवून न ठेवता इतरांनाही दिली. कारखान्यांच्या बिअरला एकसारखेपणा आला. परंतु घराघरांतील निराळी विरजणे मागे पडू लागली.

पश्चिम नॉर्वेतील काही शेतकऱ्यांनी मात्र आपले विरजण सोडले नाही. त्याला तेथे क्वाइक म्हणतात. बिअर झाली की ते लाकडी कड्यांवर वा कापडावर वाळवून ठेवावयाचे, आणि कोणाचे बिघडलेच तर शेजाऱ्याकडून मागून आणावयाचे, अशी तेथील रीत. मराठी गृहिणीला यात काही नवल वाटणार नाही. बिअरचे अनेक यीस्ट वीस अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे लागतात; क्वाइक मात्र तीस ते चाळीस अंशांच्या उबेत घालतात, आणि तरीही चव बिघडत नाही. पिढ्यानपिढ्या वाळवणे आणि ऊब सोसून जे टिकले, तेच पुढे चालत आले. हा माणसाळलेल्या यीस्टचा एक वेगळा गट आहे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

विसाव्या शतकात बाजारी यीस्ट सुलभ झाले आणि नॉर्वेतही कित्येक घरांची विरजणे नष्ट झाली. जव पुन्हा पेरता येतात, कृती कागदावर उतरवून ठेवता येते. मेलेले विरजण मात्र परत येत नाही. जिन्नस नीट जमले तर बिअर चांगली होते. ती असामान्य होते, ती मागल्या पिढीने सांभाळलेले विरजण पुढच्या पिढीने तितक्याच निगुतीने राखले तर.