आधी विको, मग मिकेश

वेबसिरीजमध्ये एखादं अ‍ॅप कथेतच घुसतं, तेव्हा वाटतं हे आपल्याच पिढीचं खूळ. तसं नाही. याचा एक धागा मुंबईतल्या एका मराठी कुटुंबाकडे जातो.

केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको सुरू केली. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १९७६मध्ये, आणि १९८४मध्ये प्रायोजित मालिका. ‘हम लोग’मागे मॅगी होती, ‘ये जो है ज़िंदगी’मागे विको. व्यवहार सोपा: कंपनीनं मालिकेला पैसे पुरवायचे, बदल्यात जाहिरातीची वेळ घ्यायची. दिग्दर्शक कुंदन शाह, लेखक शरद जोशी, आणि दर भागात वेगळ्याच सोंगात येणारे सतीश शहा. विकोनं कथेत नाक खुपसलं नाही, ती दारात उभी राहिली. हळदीचं क्रीम हे औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर हीच कंपनी अबकारी खात्याशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली, ती गोष्ट वेगळी. (तिच्यावरही एक सिरीज निघेल.)

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या वळसंगात मावशीसमोर विकोचं नाव काढलं की ती आधी हसते, मग सतीश शहांची नक्कल करते.

“मग मावशी, पेस्ट विकोचीच का?”

“छे रे, कोलगेट.”

मी कोड लिहिणारा माणूस, मला ‘क्लिक’ मोजायची सवय. मावशीचं हे प्रेम कुठल्या रकान्यात भरायचं? ब्रँडबद्दल माया आहे, खरेदी शून्य.

२०१४मध्ये टीव्हीएफची ‘परमनंट रूममेट्स’ यूट्यूबवर आली. पैसे कॉमनफ्लोअर या घरं शोधून देणाऱ्या साइटचे. तान्या-मिकेशचं लग्न करावं की नाही हे चाललेलं असताना ब्रँड दार सोडून घरात आला होता. २०१६मध्ये क्विकरनं कॉमनफ्लोअर विकत घेतली. दुसऱ्या सीझनला ओला आली. मिकेश आजही सगळ्यांना आठवतो, साइटचं नाव मित्रांना मला सांगावं लागतं.

म्हणजे गोष्टीत लपलेल्या जाहिराती फुसक्या? मला तसं वाटत नाही. रील करणारा पोरगा मालिकेतलं पात्र नसतो, तो मित्र वाटतो. पैसे घेतले असतील तर तसं ठळक लिहा, असा नियम एएससीआयनं २०२१मध्ये केला. माझ्या दहावीतल्या मावसभावाला मी अशाच एका रीलवरचं ते बारीक लेबल दाखवलं.

तो म्हणाला, “असू दे की दादा, तो स्वतः वापरतो.”